खिशातला चाकू वाचावा कसा?

घडीचे चाकू जमवणाऱ्या माणसाच्या घरी पहिल्यांदा गेलेला पाहुणा हमखास एक प्रश्न विचारतो. कापायचं काम तर एकच, मग त्यासाठी चाळीस-पन्नास चाकू कशाला?

प्रश्न रास्त आहे. पण पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांसमोर उभं राहिल्यावर तो कुणाला पडत नाही. सुपारी कातरण्याचं काम तिथेही एकच. तरी घडवणाऱ्यांनी किती परींनी आपला हात दाखवला आहे, हे काचेपलीकडून लगेच कळतं. दिनकर गंगाधर केळकरांनी गावोगाव हिंडून असल्या रोजच्या वस्तू गोळा केल्या म्हणून त्या आज पाहता येतात.

घडीच्या चाकूचं दुखणं असं, की त्याची बरीचशी कारागिरी आत दडलेली असते. मिटलेला चाकू म्हणजे बोटभर लांबीची एक गप्प वस्तू. तो कधी घडला, कुठे घडला, कुणाच्या धंद्यासाठी घडला, हे सगळं त्याच्या अंगावर नोंदलेलं असतं. फक्त ती लिपी यावी लागते. संग्राहक ती लिपी शिकतो आणि नवा चाकू हाती आला की दुसऱ्यांना वाचून दाखवतो. या प्रकरणात त्या लिपीची मुळाक्षरं पाहू.

१. पाठीतली कमान

दुमडणारा चाकू फार जुना आहे. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातलं एक रोमन अवजार आहे. चाकू, चमचा, काटा, टोच्या असं बरंच काही त्याच्या एकाच मुठीत दुमडून बसतं. पण अशा जुन्या चाकूंमध्ये पातं आपल्या जागी राहायचं ते केवळ रिव्हेटच्या घट्टपणावर. पुढे सतराव्या शतकात मुठीच्या पाठीत पोलादी कमान बसवण्याची पद्धत युरोपात रूढ झाली आणि आज आपण ज्याला पारंपरिक खिशातला चाकू म्हणतो तो तयार झाला. संग्राहकांच्या बोलीत त्याला ‘स्लिपजॉइंट’ म्हणतात.

कमान काय करते? शाळेत बाकाच्या कडेवर फूटपट्टी दाबून धरायची आणि मोकळं टोक ओढून सोडायचं, हा खेळ आठवा. पट्टी वाकते आणि सुटली की सरळ होते. चाकूची कमानही तशीच. ती एका टोकाला आणि मध्यावर मुठीत पक्की केलेली असते, तर तिचं दुसरं टोक पात्याच्या बुडावर रेलून असतं. बूड म्हणजे पात्याचा मुठीकडचा, धार नसलेला जाड भाग. ते गोल नसतं. त्याला सपाट बाजू आणि कोपरे असतात. पातं मिटलेलं असताना कमान एका सपाट बाजूवर निवांत बसलेली असते. खाचेत नख घालून पातं ओढलं की बुडाचा कोपरा कमानीला उचलतो. कोपरा सरला की कमान पुढच्या सपाट बाजूवर आपटते आणि ‘टक्’ असा स्वच्छ आवाज येतो.

या आवाजावर संग्राहकांचा फार जीव. पातं किती सफाईनं फिरतं आणि शेवटी किती खणखणीत बसतं, या दोन्हींना मिळून ते ‘वॉक अँड टॉक’ म्हणतात, म्हणजे चाकूची चाल आणि बोल. काही चाकूंच्या बुडाला एक सपाट बाजू जास्त असते, त्यामुळे पातं काटकोनात आलं की क्षणभर थांबतं. हा ‘हाफ स्टॉप’. बोटं वेळेवर बाजूला घ्यायला तो उपयोगी पडतो.

आता एक सोपी परीक्षा. चाकू मिटून त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवा. मग पातं उघडून पुन्हा फिरवा. कमान दोन्ही वेळा मुठीच्या पट्ट्यांशी अगदी सपाट लागली, कुठे उंचवटा वा खड्डा जाणवला नाही, तर घडवणाऱ्यानं बूड आणि कमान एकमेकांना मन लावून बसवली आहेत. हाफ स्टॉप असलेल्या चाकूत काटकोनात थांबलेल्या पात्यावरही ती सपाट लागली, तर संग्राहक तो चाकू हमखास शेजाऱ्याच्या हातात देतो.

एक लक्षात ठेवायचं. ही कमान पात्याला धरून ठेवते, कुलूप लावत नाही. टोकानं भोसकायचं काम या चाकूनं करू नये, पातं बोटांवर मिटू शकतं.

कमानीशिवायचे पारंपरिक चाकूही आहेत. फ्रान्सच्या सावोई भागात जोसेफ ओपिनेलनं १८९० मध्ये लाकडी मुठीचा साधा चाकू केला. १९५५ पासून त्यावर पातं अडवणारं फिरतं कडं आलं. जपानच्या मिकी गावचा ‘हिगोनोकामी’ तर अंगठ्याच्या दाबावरच उघडा राहतो.

२. पात्यांचे आकार आणि त्यांचे धनी

एकाच मुठीत दोन-तीन वेगवेगळी पाती का? उत्तर स्वयंपाकघरात आहे. नारळ खवायला विळीच्या टोकाची खवणी, भाजी चिरायला तिचंच पातं. प्रत्येक कामाला आपापला आकार.

इंग्रजीत लहान चाकूला ‘पेननाइफ’ म्हणतात, ते पिसाच्या लेखणीचं टोक तासण्याच्या कामावरून. आपल्याकडे बोरू तासायलाही असंच लहान, टोकदार पातं लागायचं. लेखणी गेली, नाव मात्र राहिलं.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गुराख्यांसाठी ‘स्टॉकमन’ नावाचा तीन पात्यांचा चाकू रूढ झाला. त्यातलं लांब टोकदार पातं रोजच्या कामाला. दुसऱ्याची धार सरळ आणि टोक बोथट. जनावराच्या अंगाजवळ दोर कापताना ते रुतत नाही. तिसरं रुंद आणि गोलसर, मुळात गुरं खच्ची करण्यासाठी. सापळे लावून जनावरं पकडणाऱ्या आणि त्यांची कातडी सोलणाऱ्या लोकांसाठी दोन लांब पात्यांचा ‘ट्रॅपर’ आला. चाकूच्या आकारावरून त्याचा धनी ओळखायचा, ही या लिपीतली पहिली बाराखडी.

या घराण्यातलं सर्वांत गाजलेलं नाव ‘बार्लो’. एक किंवा दोन पाती, लांबट मूठ आणि तिच्या एका टोकाला धातूची लांब टोपी. हा साधा, स्वस्त, मजबूत चाकू इंग्लंडमधल्या शेफील्डहून अमेरिकेत गेला आणि तिथल्या पोरांच्या खिशात रुळला. मार्क ट्वेनच्या १८७६ च्या ‘टॉम सॉयर’मध्ये टॉमला मिळणारा साडेबारा सेंटांचा चाकू बार्लोच आहे.

३. बुडावरचा ठसा

पातं उघडल्यावर बुडावर बारीक अक्षरं दिसतात. हा घडवणाऱ्याचा ठसा, आणि चाकूचं वय सांगणारा मुख्य साक्षीदार.

शेफील्डला ठशांची परंपरा मोठी आहे. चाकू-कात्री घडवणाऱ्यांचा संघ, ‘कंपनी ऑफ कटलर्स इन हॅलमशायर’, तिथे १६२४ मध्ये कायद्यानं स्थापन झाला. कुणाचा ठसा कोणता याची नोंद तो ठेवी. जोसेफ रॉजर्स या घराण्याला १७६४ मध्ये तारा आणि माल्टी क्रूस ही खूण मिळाली आणि पुढे ती जगभर पोहोचली. १८५१ च्या लंडनमधल्या महाप्रदर्शनासाठी याच कंपनीनं पंचाहत्तर पात्या-अवजारांचा ‘नॉरफोक नाइफ’ घडवला. तो आज शेफील्डच्या कटलर्स हॉलमध्ये आहे.

आता एक उदाहरण सोडवू. समजा, एका पात्याच्या बुडावर मुकुट आहे, त्याच्या दोन बाजूंना ‘जी’ आणि ‘आर’ ही अक्षरं आहेत, खाली रॉजर्सचं नाव, शेफील्ड आणि इंग्लंड. ‘जी आर’ म्हणजे राजा जॉर्ज. पण जॉर्ज अनेक झाले. एकोणिसाव्या शतकातला शेवटचा जॉर्ज १८३० मध्ये वारला, पुढचा गादीवर आला तो १९१० मध्ये. कोणता धरायचा? इथे ‘इंग्लंड’ हा शब्द मदतीला येतो. अमेरिकेच्या १८९० च्या आयात कायद्यामुळे १८९१ पासून तिथे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं बंधनकारक झालं आणि कारखान्यांनी ते पात्यांवर ठोकायला सुरुवात केली. म्हणजे १८३० च्या आधीचे जॉर्ज बाद. उरले पाचवा आणि सहावा. चाकू १९१० ते १९५२ या काळातला. बुडावर ‘व्ही आर’ असतं, तर तो राणी व्हिक्टोरियाचा, १९०१ च्या आतला. पात्यावर ‘स्टेनलेस’ लिहिलेलं असेल, तर १९१३ च्या मागे जाण्याचा प्रश्नच नाही. हॅरी ब्रियर्लीनं शेफील्डमध्ये गंजरोधक पोलाद तयार केलं ते त्या वर्षी.

चार-दोन अक्षरं आणि थोडा इतिहास, एवढ्यावर चाळीस वर्षांचा पट्टा हाती लागला.

अमेरिकेतल्या केस कंपनीनं तर काम आणखी सोपं केलं. पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्ड गावची ही कंपनी. १९७० मध्ये तिनं ठशाखाली दहा ठिपके दिले आणि दर वर्षी एक ठिपका कमी केला. १९७१ ला नऊ, १९७२ ला आठ, असं करत १९७९ ला एक. १९८० मध्ये पुन्हा दहापासून सुरुवात झाली. पण या वेळी नावातला ‘एस’ विजेच्या रेघेसारखा टोकदार केला. आता हिशेब करा. साधा ‘एस’ आणि सात ठिपके म्हणजे तीन कमी झाले, चाकू १९७३ चा. विजेचा ‘एस’ आणि सातच ठिपके, तर १९८३ चा.

केसच्या नमुन्यांचे आकडेही असेच बोलके. ‘६३१८’ घ्या. पहिला अंक मुठीचा: ६ म्हणजे खाचा पाडलेलं हाड, ५ म्हणजे सांबरशिंग, ३ म्हणजे पिवळी कृत्रिम मूठ. दुसरा अंक पात्यांचा: इथे तीन. उरलेले ‘१८’ हा साच्याचा क्रमांक, मध्यम आकाराचा स्टॉकमन. मग ‘५२५४’ म्हणजे काय? सांबरशिंगाची मूठ, दोन पाती, चोपन्न क्रमांकाचा साचा; तो ट्रॅपरचा.

वर्ष असं उघडपणे वाचता येऊ लागल्यावर एकाच नमुन्याची वर्षावर्षाची मालिका पुरी करण्याचा नाद अनेकांना लागला. अमेरिकेत १९७२ मध्ये चाकू संग्राहकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, १९८१ मध्ये खुद्द केसचा संग्राहक क्लब सुरू झाला.

४. डाग आणि गंज

घरच्या जुन्या विळीवर कैरी चिरली की पातं काळं पडतं. संग्राहकाच्या नव्या चाकूचंही हेच होतं, आणि तो खूश होतो. का?

साध्या कार्बन पोलादात लोखंडाबरोबर साधारण एक टक्क्याच्या आसपास कार्बन असतो. ते कडक होतं, उत्तम धार धरतं आणि साध्या दगडावर पुन्हा चटकन धार घेतं. पण ते हवेनं आणि आंबट रसानं लगेच रंग धरतं. सफरचंद कापलं की निळसर, कांदा चिरला की करडा, लिंबाला काळपट. हा घट्ट, गुळगुळीत थर म्हणजे ‘पॅटिना’. तो पात्याला चिकटून राहतो आणि लाल गंजाला थोडाफार आवर घालतो. लाल गंज वेगळा. तो भुसभुशीत असतो, पोलाद खात जातो आणि मागे खड्डे ठेवतो. बोटानं पुसल्यावर लाल भुकटी आली तर गंज, काहीच आलं नाही तर पॅटिना.

म्हणून पन्नास वर्षांचा चाकू चकचकीत घासून आणला, की जाणकार हळहळतो. घासताना पॅटिना जातो, ठशाच्या कडा झिजतात आणि वाचायचा मजकूरच पुसट होतो.

५. मुठीतलं हिंदुस्थान

शेफील्डच्या आणि अमेरिकेच्या जुन्या, महागड्या चाकूंच्या मुठीत भारताचा एक तुकडा असतो. तो म्हणजे सांबराचं शिंग. मेळघाटात, ताडोबात दिसणारं हे हरीण. सांबराची शिंगं जवळपास भरीव असतात, वरची साल खडबडीत, हाताची पकड बसणारी. नराची शिंगं दर वर्षी आपोआप गळून पडतात. अशी शिंगं भारतातून दीर्घकाळ परदेशी जात राहिली. विसाव्या शतकाच्या अखेरीस भारतानं ही निर्यात बंद केली आणि तिकडच्या कारखान्यांना साठवलेल्या मालावर किंवा दुसऱ्या पर्यायांवर यावं लागलं.

हाडाच्या मुठीवर यंत्रानं खाचा पाडून तिला शिंगाचं रूप देतात ते याच हौसेपोटी. भारतातल्या वाचकानं मात्र सांबरशिंगाच्या मोहात पडू नये. वन्यप्राण्यांच्या अवयवांची खरेदी-विक्री इथे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते. लाकूड आणि कृत्रिम मुठीचे उत्तम चाकू भरपूर आहेत.

सेल्युलॉइडच्या जुन्या रंगीत मुठी देखण्या, पण जपून ठेवायच्या. हे जुनं प्लास्टिक हळूहळू विघटित होतं आणि त्यातून निघणारी वाफ शेजारच्या चाकूंनाही गंजवते. असा चाकू वेगळ्या, हवा खेळणाऱ्या जागी ठेवतात.

६. नवा चाकू दाखवण्याची रीत

संग्राहकाला नवा चाकू मिळाला, की तो आधी एकट्यानं पाहतो आणि मग दाखवायला निघतो. फ्रान्समधल्या तिएर या चाकूंच्या गावी दर वर्षी मोठा मेळा भरतो. अमेरिकेत गावोगावच्या प्रदर्शनांत टेबलं मांडली जातात. चार जण एखाद्या घरच्या ओसरीवर जमले तरी रीत तीच.

चाकू मिटूनच दुसऱ्याच्या हातात द्यायचा. घेणाऱ्यानं उघडण्याआधी विचारायचं. पात्याच्या सपाट अंगाला बोटं लावायची नाहीत, कारण घामातल्या मिठानं रात्रीत ठसे उमटतात. पातं जोरात झटकून मिटवायचं नाही, धार कमानीच्या आतल्या अंगावर आपटू शकते. परत देताना मऊ फडक्यानं पुसून द्यायचा.

मग वाचन सुरू होतं. एक जण चाकू कानाजवळ नेऊन पातं उघडतो, टक्. दुसरा पाठीवरून अंगठा फिरवतो. तिसरा भिंगातून ठसा पाहतो. पातं मूळ रुंदीचं आहे की वर्षानुवर्षं धार लावून झिजलंय, रिव्हेटजवळ डावी-उजवीकडे डुलतंय का, दोन्ही पात्यांवरचे ठसे एकाच काळातले आहेत का, हे सगळं तपासलं जातं. एक पातं काळवंडलेलं आणि दुसरं कोरं करकरीत असेल, तर ते नंतर बदललेलं असण्याची शंका घ्यायलाच हवी. दाखवणाऱ्यानं चाकूचा दोष आधी स्वतः सांगावा, ही इथली सर्वांत महत्त्वाची शिस्त. कारण आज दाखवलेला चाकू उद्या कुणी तरी विकत घेणार असतो आणि चुकीची माहिती चाकूबरोबर पुढे जाते.

चाकू भेट द्यायचा असेल, तर इंग्लंड-अमेरिकेत एक जुनी समजूत पाळतात. धारदार वस्तूनं मैत्री तुटते म्हणून घेणारा देणाऱ्याच्या हातावर एक नाणं ठेवतो. मग ती भेट राहत नाही, खरेदी होते. हे नाणं अनेक संग्राहक चाकूइतकंच जपून ठेवतात.

ही वाचनाची परंपरा जिवंत राहिली ती घडवणारे हात दिसत राहिले म्हणून. शेफील्डमध्ये स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कारागिरांना ‘लिटल मेस्टर’ म्हणत. त्यांतले नामवंत स्टॅन शॉ यांचा जन्म १९२६ चा. पोरवयात ते कारखान्यात शिकायला गेले आणि सत्तरहून अधिक वर्षं घडीचे चाकू घडवत राहिले. २०२१ मध्ये ते गेले.

७. सुरुवात कुठून करावी

पहिला चाकू महाग नको. साधा ओपिनेल घ्यावा. त्याच्या आकारांना क्रमांक आहेत. आठ क्रमांकाचं पातं साडेआठ सेंटिमीटरचं, हाताला बेताचं. किंवा स्विस चाकू घ्यावा. कार्ल एल्सेनरनं १८९७ मध्ये नोंदवलेल्या ‘ऑफिसर’ चाकूचे वंशज आज अनेक मराठी घरांतही आहेत. त्यावर धार लावायला शिकावं. मग एकच नमुना, एकच गाव किंवा एकच काळ निवडावा. सगळंच जमवू गेलं की काहीच नीट वाचून होत नाही.

आपल्या पावसाळ्यात चाकू चामड्याच्या म्यानात कोंडून ठेवू नयेत. कमावलेल्या चामड्यातली द्रव्यं ओल धरतात आणि पोलाद खातात. शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात, सुती फडकं आणि डब्यात सिलिका जेलची पुडी पुरते.

कायदाही माहीत हवा. ब्रिटनमध्ये तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा, कुलूप नसलेला घडीचा चाकू सार्वजनिक जागी जवळ बाळगायला मुभा आहे. भारतात घर, शेती वा उद्योगाच्या कामासाठी नसलेलं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं शस्त्र नियमांत येतं. स्थानिक पोलिसांचे वेगळे आदेशही असू शकतात. विमानात हातातल्या बॅगेत चाकू नेण्यावरही निर्बंध असतात.

आता घरातला जुना खण उघडून पाहा. आजोबांचा पेन्सिल तासायचा चाकू तिथे असेल, तर त्याला राख किंवा पॉलिश पेपर लावू नका. तेलाचे दोन थेंब सोडा, पातं हळूच उघडा, बुडावरची अक्षरं भिंगाखाली पाहून कागदावर उतरवून घ्या. आणि तो चाकू कुणाच्या खिशात होता, हे सांगणारं माणूस घरात असेल, तर तेही त्याच कागदावर आजच लिहून ठेवा.